लग्न न करता आई व्हायचंय: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहते, लग्न केलेलं नाही, आणि माझी लेक आता सात वर्षांची आहे. दत्तक घेतली तेव्हा ती अकरा महिन्यांची होती. तेव्हापासून ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या, कधी तर अगदी अनोळखी बायकांचे मेसेज येतात, "ताई, एक विचारू का" असे. बहुतेक रात्री अकरानंतर येतात, कारण हे घरात उघड बोलता येत नाही. तेच ते प्रश्न फिरून येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवलंय. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ताई, लग्न न करता आई होणं कायद्यानं चालतं का? मुळात परवानगी आहे का?

हो, चालतं. दोन सरळ रस्ते आहेत, एक दत्तक आणि दुसरा डोनरचे शुक्राणू घेऊन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात) किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी). दोन्हीत अविवाहित, घटस्फोटित, विधवा सगळ्या बसतात. तिसरा रस्ता सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईनं आपलं मूल पोटात वाढवण्याचा, तो अविवाहित बाईला आज बंद आहे (प्रश्न ८). आणि नवरा नसताना दिवस गेले आणि मूल ठेवायचं ठरवलं, तर तोही गुन्हा नाही, कधीच नव्हता. लोक "कुमारी माता" हा शब्द असा उच्चारतात की पोलीस केस असावी असं वाटतं, म्हणून हे पहिल्यांदा सांगते.

२. दत्तकसाठी वय किती चालतं? स्वतःचं घर पाहिजे का? पगार किती लागतो?

वयाचा हिशोब मुलाच्या वयाशी बांधलेला आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे एकटीनं अर्ज केला तर दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी तुमचं वय ४० पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ४५, चार ते आठसाठी ५० आणि आठ ते अठरासाठी ५५ पर्यंत चालतं. शिवाय तुमच्यात आणि मुलात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. म्हणजे ४३ व्या वर्षी तान्हं बाळ मागता येणार नाही, पण तीन वर्षांचं मूल मिळू शकतं, आणि तीन वर्षांच्या मुलाला घरी आणणाऱ्या बायका मी जवळून बघितल्यात, फार सुंदर जमतं.

घर स्वतःचं लागत नाही. मी भाड्याच्या वन बीएचकेमध्ये होते. पगाराचा ठरावीक आकडा नियमात नाही, पण उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो आणि मूल सांभाळण्याइतकी ऐपत दिसावी लागते. धर्माची अट नाही, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते.

३. एकट्या बाईला मुलगीच घ्यावी लागते का?

नाही. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी कुणीही मिळू शकतं. बंधन एकट्या पुरुषावर आहे, त्याला मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि या दोन गोष्टींची लोक हमखास सरमिसळ करतात. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा मार्ग वेगळा आहे, त्यात तुम्हाला आधीच मुलगी असेल तर दुसरी मुलगी घेता येत नाही. पण बहुतेकजणी कारामार्फत म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फतच जातात, आणि मीही तेच सुचवते.

४. प्रोसेस काय असते आणि वेटिंग किती?

काराच्या पोर्टलवर रजिस्टर करायचं, कागद अपलोड करायचे (पॅन, जन्माचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्न, डॉक्टरचं सर्टिफिकेट, ओळखीच्या दोघांची पत्रं), आणि एकटी असाल तर एका नातेवाइकाचं लेखी हमीपत्र लागतं की तुम्हाला काही झालं तर मुलाला मी बघेन. हे पत्र मिळवणं हा खरा अवघड कागद आहे, बाकीचे झेरॉक्सच्या दुकानात होतात. माझं पत्र माझ्या वहिनीनं दिलं, भावानं आधी "बघू" म्हटलं होतं आणि ती स्वयंपाकघरातून कणकेचे हात पुसत आली आणि म्हणाली, कुठे सही करायची ते सांगा.

मग होम स्टडी. समाजसेविका घरी येतात. माझ्याकडे आल्या तेव्हा मी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत घर घासत होते आणि त्यांनी फरशीकडे बघितलंसुद्धा नाही, त्यांनी विचारलं की तुम्हाला ताप आला तर चहा कोण करून देतं. मी गप्पच झाले. त्या म्हणाल्या, मूल आलं की तेच माणूस रोज लागणार आहे, आत्ताच ठरवून ठेवा. त्या प्रश्नाची तयारी करा, घर नेहमीसारखं असू द्या.

नंतर वाट बघणं. लहान, धडधाकट बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं धरून चाला, जास्तही लागतात. मोठं मूल किंवा विशेष गरजा असलेलं मूल असेल तर लवकर होतं. मुलाची माहिती आणि फोटो आला की ४८ तासांत रिझर्व्ह करायचं असतं, मग संस्थेत जाऊन भेटायचं, होकार द्यायचा, आणि दत्तकपूर्व संगोपनात मूल घरी येतं. माझ्या वेळी दत्तक पक्कं करणारा शेवटचा हुकूम कोर्टातून आला. २०२१ च्या कायदादुरुस्तीनं तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आणि त्यावर मुंबई हायकोर्टात वादही गेला, तर तुमचे कागद नेमके कुठे जाणार ते संस्थेलाच विचारा. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन बघून जातात. त्याची भीती नको, मला तरी त्या चार भेटींचा आधारच वाटला.

५. एका हॉस्पिटलमध्ये ओळख आहे, बाळ थेट मिळतंय. एवढं वेटिंग कशाला?

नको. अगदी हात जोडून सांगते, नको. असं थेट घेतलेलं बाळ दत्तक ठरत नाही, तो मुलांच्या खरेदी-विक्रीचा गुन्हा होऊ शकतो आणि उद्या बाळ तुमच्या कुशीतून काढून नेलं जाऊ शकतं. संस्थेनंही ठरलेल्या सरकारी फीच्या वर डोनेशन मागायचं नसतं.

नात्यातलं मूल मात्र वेगळं. बहिणीचं किंवा भावाचं मूल रीतसर दत्तक घेता येतं, त्यालाही पोर्टलवर नोंद आणि हुकूम लागतोच. इथे एक केस माहीत असू द्या. एका घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीची मुलगी दत्तक घ्यायची होती, तर भुसावळच्या दिवाणी कोर्टानं अर्ज फेटाळला, कारण काय तर बाई एकटी आणि नोकरी करणारी, लक्ष कसं देणार. २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो निकाल रद्द केला आणि असा विचार मध्ययुगीन मानसिकतेचा आहे असं सुनावलं. कुणी तुम्हाला "नोकरी करून कसं जमणार" म्हटलं की हा निकाल आठवा.

६. मला बाळंतपण अनुभवायचंय. डोनरनं आई होण्यासाठी काय नियम आहेत?

२०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, बघा. त्यात बाईचं वय २१ ते ५० हवं, आणि लग्न झालेलं असावं अशी अट नाही. क्लिनिक या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते पहिल्या भेटीत विचारा, सर्टिफिकेट भिंतीवर नसेल तर मागा. शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच येतात, डोनरच्या एचआयव्ही, कावीळ बी-सी वगैरे तपासण्या झालेल्या असतात, आणि डोनरचं नाव तुम्हाला कळत नाही. रक्तगट, वर्ण, उंची अशी माहिती मिळते. डोनरला मुलावर पालक म्हणून कसलाही हक्क राहत नाही, हे कायद्यात लिहिलेलं आहे. मुलगा की मुलगी हे निवडणं गुन्हा आहे, ते विचारूसुद्धा नका.

काही क्लिनिकमध्ये अजून "नवऱ्याची सही" असा कॉलम पुढे करतात. माझ्या एका मैत्रिणीला एका मोठ्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर चारचौघांत विचारलं, मिस्टर कुठे आहेत. ती उठून दुसरीकडे गेली. तुम्हीही जा, ज्या डॉक्टरला पहिल्या दिवशी तुमच्याकडे सरळ बघता येत नाही त्याच्याकडे नऊ महिने काढणं नको.

७. डोनर म्हणून माझा जवळचा मित्र तयार आहे. तो चालेल?

क्लिनिकमधून नाही, कारण डोनर बँकेतूनच आणि निनावी असावा लागतो. आणि क्लिनिकच्या बाहेर, आपापसात ठरवून केलं, तर कायद्याचं ते कवच राहत नाही, म्हणजे उद्या तो, त्याची होणारी बायको किंवा त्याचे आईवडील मुलावर हक्क सांगायला आले तर त्याला जनक बाप म्हणून उभं राहायला जागा आहे. मैत्री आज कितीही घट्ट असो, आपापसातला कागद कोर्टात किती टिकेल यावर मूल उभं करू नका. तरीही करायचंच असेल तर आधी वकिलाकडे जा.

८. मी ३४ ची आहे, अजून ठरत नाहीये. एग फ्रीझ करून ठेवू? आणि सरोगसी?

एग फ्रीझिंग अविवाहित बाईला करता येतं. साठवणुकीची मुदत आणि दरवर्षीचं भाडं लेखी घ्या. पण फ्रीझ केलं म्हणजे मूल नक्की, असं मनात धरू नका. अंडी गोठवतानाचं वय जितकं कमी तितकी शक्यता बरी, एवढंच.

सरोगसी २०२१ च्या कायद्यानं एकट्या बायकांपैकी फक्त ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित बाईला आहे, तेही स्वतःचं बीज वापरून. अविवाहित बाईला नाही. एकता कपूरचं उदाहरण सगळ्या देतात, पण तिचा मुलगा २०१९ चा, कायद्याच्या आधीचा. हा फरक मला अन्यायाचा वाटतो, एकदा लग्न मोडलेलं चालतं आणि मुळात न केलेलं चालत नाही, याला काय अर्थ आहे. सुप्रीम कोर्टात याविरुद्ध याचिका गेलेल्या आहेत.

९. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव टाकावंच लागतं का?

नाही. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अविवाहित आईनं जन्मदाखला मागितला तर तिचं ॲफिडेविट पुरे, वडिलांचं नाव सांगायची सक्ती नाही. २०२१ मध्ये केरळ हायकोर्टानं तर डोनरनं आई झालेल्या एकट्या बायकांसाठी वेगळा फॉर्म काढायला लावला, की तो रिकामा कॉलमसुद्धा मुलाच्या डोळ्यांसमोर नको. आणि २०२३ च्या जन्म-मृत्यू नोंदणी दुरुस्तीत एकल पालक आणि अविवाहित आई यांचा स्वतंत्र उल्लेख आलाय.

खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. २०१५ च्या निकालाची प्रिंट सोबत ठेवा, आवाज न चढवता पुढे सरकवा. दत्तक मुलाचा दाखला हुकूम दाखवून तुमच्या नावानं नवा निघतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला चालणार आहे, म्हणून स्पेलिंग तीनदा तपासा.

१०. शाळा, पासपोर्ट, पॅन? आणि मधलं नाव काय लावायचं?

पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून एकाच पालकाचं नाव चालतं. पॅनला डिसेंबर २०१८ पासून आई एकल पालक असेल तर वडिलांचं नाव लागत नाही. शाळांचं मात्र शाळेवर आहे. आमच्या पहिल्या शाळेत ऑनलाइन फॉर्म वडिलांचं नाव भरल्याशिवाय पुढेच जायचा नाही, तिथल्या क्लार्कनं सुचवलं की टिंब टाका. मी तिथे बसून राहिले, म्हटलं माझ्या मुलीच्या नावात टिंब नको. शेवटी मुख्याध्यापिकांनी छापील फॉर्म काढला आणि स्वतःच्या पेनानं तो शब्द खोडून "पालक" लिहिलं. तो फॉर्म मी फोटो काढून ठेवलाय.

मधलं नाव आईचं लावा, बिनधास्त. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदावर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असं लिहायचा निर्णय झालेला आहे, म्हणजे आईचं नाव मध्ये येणं आता सगळ्यांच्याच घरात होणार. जातीच्या दाखल्याचं जास्त किचकट आहे, २०१२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की आंतरजातीय घरात मूल प्रत्यक्षात कुणाच्या जातीत, कसं वाढलं ते बघावं, वडिलांचीच जात आपोआप धरू नये. पण तहसीलमधून तो कागद काढताना वकील सोबत असलेला बरा.

११. मॅटर्निटी लीव्ह मिळेल का? एचआरला सांगायची लाज वाटते.

स्वतः बाळंत होणार असाल तर लग्नाचा संबंधच नाही, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवडे. दत्तक आईला २०१७ च्या दुरुस्तीनं १२ आठवडे दिले, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं अशी अट घातली. आता संस्थेकडे सोपवलेल्या बाळाच्या जन्मदात्यांना फेरविचारालाच दोन महिने असतात, त्यात कागदपत्रं, मग इतकं लहान बाळ घरी येणार कसं? म्हणून त्या अटीविरुद्ध सुप्रीम कोर्टात केस गेली. तुमच्या कंपनीत आज काय लागू आहे ते लेखी मागा, कित्येक कंपन्या कायद्यापेक्षा जास्त देतात. केंद्र सरकारच्या नोकरीत एक वर्षाच्या आतल्या दत्तक बाळासाठी १८० दिवस आहेत. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यायचीये कंपनीनं, तेही विचारा.

१२. आई-बाबा तयार नाहीत. म्हणतात आधी लग्न कर, लोक काय म्हणतील, आणि मुलाला बाप नसणं हा स्वार्थ आहे.

सगळ्यात जास्त मेसेज याचेच. माझी आई आठ महिने माझ्याशी या विषयावर बोलली नाही. जेवायला वाढायची, फोन उचलायची, पण हा विषय आला की टीव्हीचा आवाज मोठा. भांडून काही झालं नाही. झालं कशानं, तर तिला मी संस्थेत घेऊन गेले. तिथे एक पोरगं तिच्या पदराला धरून उभं राहिलं, ती खाली बसली आणि त्याचं नाक पुसलं. परत येताना रिक्षात म्हणाली, कपाटातल्या माझ्या जुन्या नऊवाऱ्या काढ, दुपटी मऊ होतात.

स्वार्थाबद्दल एवढंच सांगते. महाराष्ट्राला हे नवीन नाही. १८६३ मध्ये फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, यशवंत, तो पुढे डॉक्टर झाला. म्हणजे रक्ताचं नसलेलं, "बापाचं नाव नसलेलं" मूल आपलं म्हणणारं घर आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी होतं. सुप्रीम कोर्टानंही ऑगस्ट २०२२ मध्ये एका मॅटर्निटी लीव्हच्या केसमध्ये म्हटलं की आई-बाप-मुलं एवढंच कुटुंब नसतं, एकल पालकाचं घरही कुटुंबच आहे आणि त्यालाही कायद्याचं संरक्षण हवं. आजूबाजूला बघा, नवरा दुबईला, आजी-आजोबांनी वाढवलेली, मावशीकडे शिकायला ठेवलेली, अशी किती मुलं आपल्यातच आहेत, त्यांना कुणी अपूर्ण म्हणत नाही.

पण तुम्ही स्वतः "म्हातारपणी आधार" म्हणून मूल आणत असाल, किंवा एकटेपणा घालवायला, तर थांबा. ते ओझं त्या पोरावर नको.

१३. बारशाला आत्या कोण? गोत्र विचारलं तर?

हा प्रश्न बायका घाबरत विचारतात, जणू फार क्षुल्लक आहे. क्षुल्लक नाही. आपल्याकडे उष्टावण मामाच्या मांडीवर, जावळ मामाच्या मांडीवर, म्हणजे आईकडची माणसं भरपूर आहेत, अडतं ते फक्त आत्यापाशी, कारण कानात कुर्र करून नाव आत्यानं ठेवायचं. आमच्याकडे माझी कॉलेजची मैत्रीण आत्या झाली. तिनं रीतसर कुर्र केलं, पाठीवर बुक्के खाल्ले, आणि दर दिवाळीला आत्याचा फ्रॉक येतो. मुलीच्या तोंडी ती फक्त "आतू" आहे, तिला ती मानलेली आहे हे वेगळं सांगावं लागलेलं नाही.

गोत्र आईचं सांगा. माहीत नसेल तर काश्यप म्हणायची पद्धत आहेच. छांदोग्य उपनिषदातली जाबालेची गोष्ट माहीत असेल, मुलानं विचारलं माझं गोत्र कोणतं, ती म्हणाली मला ठाऊक नाही, मी जाबाला, तू सत्यकाम, तर तू सत्यकाम जाबाल असंच सांग. त्यानं तसंच सांगितलं आणि गुरूनं त्याला शिष्य करून घेतलं. आमच्या गुरुजींनी नाक मुरडलं तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना हीच गोष्ट सांगितली. आठ महिने बोलत नव्हती ती आई पाठीमागे उभी राहून मान डोलवत होती.

१४. "माझा बाबा कुठाय?" असं विचारलं तर काय सांगू?

खरं. वयाला झेपेल तेवढं, पण खरं. देवाघरी गेला, परदेशी आहे, असलं काही नको, ते कधीतरी उघडं पडतं आणि मग मूल तुमच्यावर चिडतं, बाबावर नाही.

माझी चार वर्षांची असताना सिग्नलला रिक्षा थांबली होती, शेजारच्या स्कूटरवर एक मुलगी बाबाच्या पुढे उभी होती, तर हिनं विचारलं, माझा बाबा ऑफिसला गेलाय? मी म्हटलं, आपल्या घरात बाबा नाहीये, आपल्या घरात आई, आजी, आबा आणि तू. ती म्हणाली, आणि माऊ. मी म्हटलं, आणि माऊ. तेवढ्यावर ते थांबलं. सहाव्या वर्षी परत आलं, यावेळी रडत, वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं होतं. तेव्हा जास्त सांगितलं, ती दुसऱ्या बाईच्या पोटात होती, त्या बाईला सांभाळता आलं नाही, का ते मला माहीत नाही. एकदाच बसवून सांगून संपेल असं समजू नका, हे वाढदिवसांसारखं दरवर्षी थोडं मोठं होऊन येतं. आणि तिला वाईट वाटलं तर वाटू द्या, लगेच आईस्क्रीम पुढे करू नका.

दत्तक मुलाला मोठं झाल्यावर आपलं मूळ शोधायचा रस्ता नियमात आहे, जन्मदात्यांची गुप्तता सांभाळून. डोनरच्या बाबतीत नाव मिळत नाही, हे मुलाला सांगायची तयारी आधीच ठेवा.

१५. मला काही झालं तर?

रात्री झोप उडवणारा हाच प्रश्न आहे आणि याचा उपाय दोन दिवसांत होतो. मृत्युपत्र करा, त्यात मुलाचा पालक म्हणून कोण ते नाव लिहा, त्या माणसाला आधी विचारा. दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून ठेवा. टर्म इन्शुरन्स घ्या. पीएफ, बँक, म्युच्युअल फंड सगळीकडे नॉमिनी बदला, मूल अज्ञान म्हणजे अठराच्या आतलं असेल तर सांभाळणाऱ्याचं नावही लागतं. आईच्या मालमत्तेवर मुलाचा वारसाहक्क आहेच, पोटचं असो की दत्तक, लग्नाबाहेरचं असो. प्रश्न ४ मधलं वहिनीचं हमीपत्र दत्तकाच्या फाइलसाठी, त्यावर मृत्युपत्राचं काम होत नाही.

१६. नंतर लग्न केलं तर? आणि मी लिव्ह-इनमध्ये आहे, तरी एकटी म्हणून अर्ज करू?

लग्न जरूर करा, मूल तुमचंच राहतं. नवऱ्याला कायदेशीर बाप व्हायचं असेल तर त्याची वेगळी प्रोसेस आहे. लिव्ह-इनमध्ये असाल तर मात्र लपवून एकल म्हणून अर्ज करू नका, २०२२ मध्ये कारानं अशा अर्जांना नाही म्हटलंय आणि होम स्टडीत ते दिसतंच.

१७. मी परदेशात असते, महाराष्ट्रातलं मूल मिळेल?

भारतीय पासपोर्ट असेल तर एनआरआय अर्जदाराला इथल्यांच्या बरोबरीनं धरतात, पण अर्ज तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत. तिथला कायदा एकल आईला काय म्हणतो ते आधी बघा.

१८. रजिस्टर केलंय, तीन वर्षं झाली, आता फोटो आलाय आणि मला भीती वाटतेय. नाही म्हटलं तर?

नाही म्हणता येतं, त्यानं तुम्ही वाईट ठरत नाही. पण आधी ही भीती कसली ते बघा. पैशाची असेल तर वहीत महिन्याचा खर्च मांडा, पाळणाघर, डॉक्टर, आणि पहिल्या वर्षातले किमान वीस-पंचवीस बिनपगारी दिवस धरून, कारण मुलं आजारी पडतातच. सोबत कुणी नाही ही असेल तर आज संध्याकाळी तीन माणसांना फोन करा आणि नेमकं विचारा, मंगळवारी संध्याकाळी दोन तास येशील का, असं. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना या यादीत धरू नका.

आणि भीती नुसतीच असेल, कारण नसलेली, तर ती मलाही होती. संस्थेच्या जिन्यात मी दहा मिनिटं बसून होते, चप्पल काढून हातात घेतलेली, वर जायचं की नाही. वरून ताई आल्या, म्हणाल्या, ती आत्ताच उठलीये, भूक लागलीये, भात भरवता का? मी वर गेले आणि मऊ भात भरवला, तिनं अर्धा माझ्या ओढणीवर टाकला.